‘वाटणे’ आणि ‘ठरवणे’ : ‘गीतारहस्या’तील आत्मस्वातंत्र्याची चिकित्सा

लोकमान्य टिळकांच्या निधनाला वर्ष पुरे होण्याच्या आत, १९२१ साली, विलेपार्ले येथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये त्याच उपनगरात लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली, आणि पार्ल्याच्या सार्वजनिक जीवनात टिळक मंदिराला पुढे मध्यवर्ती स्थान मिळाले. संस्थांच्या रूपाने नाव टिकते. ग्रंथातील विचार मात्र पुन्हा पुन्हा तपासला गेला तरच टिकतो. ‘गीतारहस्या’वर आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी अकराव्या प्रकरणाभोवती, म्हणजे संन्यास श्रेष्ठ की कर्मयोग श्रेष्ठ ह्या वादाभोवती फिरत राहिली. त्याच्या अलीकडचे दहावे प्रकरण, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’, हे त्या वादाची केवळ पूर्वपीठिका म्हणून वाचले गेले. मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य हा त्याच्या मेंदूने निर्माण केलेला भ्रम आहे काय, हा जो प्रश्न आज विज्ञानाच्या नावाने विचारला जातो, त्याला भिडणारे मराठीतील सर्वांत कसदार विवेचन ह्याच प्रकरणात आहे. ते कोठे टिकते व कोठे ढासळते, हे येथे पाहावयाचे आहे.

ग्रंथ जून १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा खर्डा मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला गेला होता. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांनी जे उद्गार काढले, त्यांत न्यायपीठाहून वरिष्ठ अशा शक्तींच्या हाती जगाची सूत्रे असल्याचा निर्वाळा होता. आणि त्याच शिक्षेच्या काळात, बंदिवासात, त्यांनी मनुष्याच्या स्वातंत्र्याची उपपत्ती मांडली. ह्या विरोधाभासावर भावविवश होऊन पुष्कळ लिहिता येईल, परंतु युक्तिवादाच्या बलाबलाशी त्याचा संबंध नाही.

टिळक प्रश्न असा उभा करतात. कर्माची परंपरा अनादी आहे. संचितापैकी ज्या कर्माचे फळ भोगावयास आरंभ झाला ते प्रारब्ध, व ज्याचा आरंभ झालेला नाही ते अनारब्ध; क्रियमाण हा तिसरा वर्ग त्यांच्या मते खऱ्या अर्थाने स्वतंत्र नाही. आता मनुष्याची बुद्धीही जर पूर्वकर्मानुसारच घडत असेल, तर अमुक करावे व अमुक करू नये असे सांगणाऱ्या शास्त्राला अर्थ तो काय उरला? ज्याच्यापुढे पर्यायच नाही, त्याला उपदेश करणे व्यर्थ होय. कर्मयोगशास्त्र लिहावयास बसलेल्या ग्रंथकाराला हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर नकारार्थी आले असते, तर उरलेली पाच प्रकरणे लिहिण्याचे प्रयोजनच संपले असते.

ह्या ठिकाणी टिळकांनी जे पाऊल टाकले ते असामान्य आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ज्याला इच्छेचे स्वातंत्र्य म्हणतात ते शब्द त्यांना बिनचूक वाटत नाहीत. इच्छा हा मनाचा धर्म. मन आणि बुद्धी ही दोन्ही प्रकृतीची कार्ये. आणि जे जे प्रकृतीच्या कक्षेत ते ते कर्माच्या, म्हणजे कार्यकारणांच्या, नियमाने बांधलेले. तेव्हा इच्छा स्वतंत्र आहे असे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्य असलेच तर ते प्रकृतीच्या पलीकडील आत्म्याचे असले पाहिजे. सहाव्या प्रकरणात त्यांनी शरीराला कारखान्याची उपमा देऊन बाहेरचा माल इंद्रियांच्या द्वारे आत कसा येतो, मन त्याची मांडणी कशी करते आणि बुद्धी निर्णय कसा देते, हे तपशीलवार दाखविले आहे. हा सारा कारखाना, त्यातील निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासह, त्यांनी जडाच्या बाजूस टाकला आहे. १९१५ साली एका वेदान्ती लेखकाने विज्ञानाला एवढा मुलूख न लढता सोडून द्यावा, हे आजच्या वाचकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. इच्छा पूर्वकारणांपासून उपजते हे प्रयोगाने सिद्ध झाले, तर टिळकांना त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. ते त्यांनी प्रयोगावाचूनच मान्य केले होते.

प्रयोग कोणते, हे आता थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९६५ साली जर्मनीत कोर्नहूबर व डेके ह्यांनी असे दाखविले की, मनुष्य स्वतःहून बोट हलवितो त्याच्या सुमारे एक सेकंद आधीपासून मेंदूतील विद्युत्-आलेख हळूहळू चढू लागतो. ह्या चढास सज्जता-विभव म्हणता येईल. १९८३ साली बेंजामिन लिबेट व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या मापनाला अनुभवाच्या निवेदनाची जोड दिली. प्रयोगास बसलेल्या व्यक्तीसमोर घड्याळाच्या तबकडीसारखे एक वर्तुळ असे व त्यावरून प्रकाशाचा ठिपका २.५६ सेकंदांत एक फेरी पुरी करी. वाटेल तेव्हा मनगट हलवावे, आणि ते हलविण्याची ऊर्मी प्रथम जाणवली तेव्हा ठिपका कोठे होता ते मागाहून सांगावे, एवढीच अट होती. निष्कर्ष असा आला की, सज्जता-विभवाचा आरंभ हालचालीपूर्वी सुमारे ५५० सहस्रांश सेकंद, आणि ऊर्मीची जाणीव मात्र सुमारे २०० सहस्रांश सेकंद आधी. म्हणजे व्यक्तीला ‘आता हलवावे’ असे वाटण्याच्या सुमारे एकतृतीयांश सेकंद आधीच मेंदूची तयारी सुरू झालेली असते. २००८ मध्ये सून, हेन्स आदींनी मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा घेऊन, डावे बटन दाबले जाईल की उजवे ह्याचा अंदाज जाणिवेच्या कित्येक सेकंद आधी करता येतो असे मांडले. तो अंदाज मात्र शंभरात साठाच्या सुमारास बरोबर येई. नाणे उडविले असता पन्नासदा येतोच, हेही लक्षात ठेवावयास हवे.

ह्या प्रयोगांच्या आधारे पुढे फार मोठी विधाने झाली. डॅनियल वेग्नर ह्यांच्या २००२ मधील ग्रंथाच्या नावातच जाणीवपूर्वक इच्छेला भ्रम म्हटले आहे. रॉबर्ट सापोल्स्की ह्यांच्या २०२३ मधील ग्रंथाने तर स्वातंत्र्याला तिळमात्र जागा ठेवलेली नाही. (सापोल्स्की ह्यांचा भर एका सेकंदातील घटनांपेक्षा गर्भावस्था, बालपण, संप्रेरके व समाज ह्यांच्या दीर्घ साखळीवर आहे. ती साखळी वाचताना संचिताची आठवण झाल्यावाचून राहत नाही, पूर्वजन्म तेवढा वगळावयाचा.) स्वतः लिबेट इतके दूर गेले नव्हते. ऊर्मी जाणवल्यानंतर व हालचाल होण्यापूर्वी जो अल्प काळ उरतो, त्यात ती रोखण्याचा अधिकार जाणिवेला असतो, असे त्यांचे मत होते. २०१२ मध्ये शूर्गर, सिट् व देहाने ह्यांनी सज्जता-विभवाचा निराळाच उलगडा पुढे केला. मेंदूत सतत चाललेले अनियत चढउतार योगायोगाने एका मर्यादेला पोचले की हालचाल घडते. हालचालीपासून मागे मोजून अनेक आलेखांची सरासरी काढली की ते चढउतार आपोआपच एका सावकाश चढासारखे दिसतात. हा उलगडा ग्राह्य धरला तर तो चढ म्हणजे पूर्वीच झालेला निर्णय, असे मानण्याचे कारण उरत नाही.

प्रयोगांवरचा हा वाद प्रयोगशाळेतच मिटेल. मात्र त्यात एक दोष आहे, तो मोजण्याच्या उपकरणातला नसून प्रश्नाच्या शब्दांतला आहे, आणि तो मराठीत जितक्या लवकर ध्यानात येतो तितका इंग्रजीत येत नाही. लिबेटने प्रयोगार्थीला विचारले ते मराठीत सांगावयाचे झाल्यास ‘तुला मनगट हलवावेसे केव्हा वाटले?’ असे सांगावे लागेल. ‘तू मनगट हलवायचे केव्हा ठरवलेस?’ हा प्रश्न त्याहून भिन्न आहे. आणि त्याचे खरे उत्तर, ‘प्रयोगाला बसावयाचे कबूल केले तेव्हा,’ असेच असावयास हवे. मनगट हलवावयाचे, ते चाळीसदा हलवावयाचे, सुचनेबरहुकूम हलवावयाचे, हा सर्व निर्णय खुर्चीत बसण्यापूर्वी झालेला होता. खुर्चीत बसल्यानंतर उरते ती ऊर्मीची वाट पाहणे. जी वाट पाहून येते, ती केलेली नसते.

मराठीची वाक्यरचना हा भेद विभक्तीनेच नोंदविते. ‘त्याला वाटले’, ‘त्याला इच्छा झाली’, ‘त्याला राग आला’, ‘त्याला आठवले’: ह्या सर्व वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो; घटना त्याच्याकडे येते, तो ती करीत नाही. उलट ‘त्याने ठरवले’, ‘त्याने नाकारले’, ‘त्याने वचन दिले’ ह्यांत तो तृतीयेत, कर्ता म्हणून, उभा राहतो. ‘त्याने इच्छा केली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही, परंतु बोलणाऱ्याच्या तोंडी ते सहजी येत नाही. आले तर त्याला भाषांतराचा वास येतो. इच्छा केली जात नाही, होते, ही गोष्ट मराठी माणूस कोणताही वेदान्त न शिकता दिवसातून अनेकदा बोलून दाखवितो. टिळकांनी इच्छा प्रकृतीच्या हवाली केली तेव्हा त्यांना आपल्या भाषेचे पाठबळ होते. त्यांनी मात्र ते कोठे वापरलेले नाही. त्यांचा सगळा भर सांख्यांच्या परिभाषेवर राहिला.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, ह्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा पुरावा आहे. माँट्रियल येथील वाइल्डर पेनफिल्ड हे शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या चालक भागास विजेचा सौम्य स्पर्श करीत. रुग्णाचा हात हलत असे, पण तो आपण हलविला नाही, डॉक्टरांनी हलविला, असे रुग्ण सांगत. २००९ मध्ये डेसमुर्जे व त्यांचे सहकारी ह्यांनी पार्श्वपालीच्या विशिष्ट भागास असा स्पर्श केला असता रुग्णांना हात किंवा ओठ हलवावेसे वाटू लागले. स्पर्श वाढविला तेव्हा आपण ते हलविलेच अशी त्यांची समजूत झाली, प्रत्यक्षात स्नायू हलले नव्हते. त्याहून पुढच्या भागास स्पर्श केला तेव्हा अवयव हलले, पण रुग्णांना त्याचा पत्ता नव्हता. ‘हात हलला’, ‘हात हलवावासा वाटला’ आणि ‘त्याने हात हलवला’ ही तीन वाक्ये मराठीत तीन वेगळ्या रचना मागतात. त्यांतील पहिल्या दोन घटना मेंदूच्या दोन वेगळ्या जागी विजेने घडविता येतात. तिसरी तशी घडविल्याचे ह्या रुग्णांच्या कथनात आढळत नाही. घडविता आली ती फक्त आपण हलविल्याची समजूत. भ्रमवाद्यांना त्यांचा सर्वांत सबळ आधार येथेच सापडतो, लिबेटच्या घड्याळात नाही, हे नि:पक्षपणे सांगितले पाहिजे.

भाषेच्या साक्षीलाही मर्यादा आहेत, आणि त्या भाषाभ्यासकानेच सांगावयास हव्यात. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कर्त्याचे लक्षण देताना ‘स्वतंत्र’ हाच शब्द योजिला आहे. त्यावरून व्याकरणाने स्वातंत्र्य सिद्ध केले असे कोणी म्हणेल तर ती घाई होईल. महाभाष्यापासूनच ह्या परंपरेत असा विचार झालेला आहे की, देवदत्त भात शिजवितो असे म्हणता येते, तसेच भांडे शिजविते, लाकडे शिजवितात, असेही म्हणता येते. जे साधन वा अधिकरण असते त्यालाच बोलणारा, त्याची इच्छा असेल तेव्हा, कर्तेपणा देतो. अर्थात् व्याकरणातील स्वातंत्र्य विवक्षाधीन आहे. ‘किल्लीने कुलूप उघडले’ हे वाक्य किल्लीला इच्छाशक्ती बहाल करीत नाही.

शिवाय मराठी एका बाजूने बोलत नाही. ‘त्याने ठरवले’ ह्याच्या शेजारी ‘जायचे ठरले’ आहे. त्यात ठरविणारा दिसतच नाही, आणि घरोघरची लग्ने ह्याच क्रियापदाने ठरतात. ‘कुठून बुद्धी झाली आणि येथे आलो’ असे म्हणणारा मनुष्य निर्णयाची जागा जी बुद्धी, तीच आपल्याला ‘झाली’ असे सांगत असतो. ‘माझ्या हातून पेला फुटला’ ह्यातील ‘हातून’ जबाबदारी झटकण्यासाठी येतो. ‘त्यांच्या हातून मोठे कार्य झाले’ ह्यातील ‘हातून’ विनयासाठी. ‘मला आता चालवत नाही’ ह्या शक्य क्रियापदात इच्छा आहे, सामर्थ्य नाही. म्हणजे भाषेपाशी कर्तेपणाच्या अनेक पायऱ्या आहेत आणि बोलणारा प्रसंगानुसार त्या चढतो-उतरतो. ह्या पायऱ्यांवरून एवढेच सिद्ध होते की, स्वातंत्र्य आहे किंवा नाही अशी दोनच उत्तरे मराठी बोलणाऱ्याने कधी मानली नाहीत.

हीच विवक्षेची कसोटी आता ‘मेंदू भ्रम निर्माण करतो’ ह्या वाक्याला लावून पाहावी. ह्या वाक्यात मेंदू कर्ता आहे. तो निर्माण करतो, ठरवितो, फसवितो. फसणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. मेंदूहून निराळा असा कोणी नाही, हे तर वाक्य उच्चारणाऱ्याचे मूळ गृहीत. मग मेंदू मेंदूला फसवितो असे म्हणावे लागेल, किंवा मेंदूच्या आत कोठेतरी एक फसणारा प्रेक्षक मानावा लागेल. व्यक्तीकडून काढून घेतलेले कर्तेपण तिच्या एका अवयवाला दिले, एवढेच येथे घडले. भांडे शिजविते म्हटले तसे. ‘मेंदूतील अमुक प्रक्रियांमुळे अशी जाणीव उत्पन्न होते’ असे म्हटले, तर विधान पुष्कळ अचूक होते आणि त्यातील खळबळही ओसरते.

परंतु हाच आक्षेप टिळकांवरही येतो, आणि त्यांच्या चाहत्यांनी तो टाळता कामा नये. इच्छा, मन व बुद्धी परतंत्र ठरल्यावर त्यांनी त्यांच्या मागे आत्मा नावाचा दुसरा कर्ता उभा केला. हा आत्मा अकर्ता आहे असे नवव्या प्रकरणापर्यंतचे प्रतिपादन सांगते. आणि दहाव्यात त्याच्याकडून मनाला प्रेरणा मिळते. प्रकृतीतील प्रत्येक घटनेला प्रकृतीतीलच कारण असेल, तर ही प्रेरणा शिरते कोठून? ब्रह्मसूत्रांत सुताराचा दृष्टान्त आहे: हत्यार हाती घेतले की सुतार कर्ता, खाली ठेवले की अकर्ता. दृष्टान्त सुंदर आहे, पण सुतार आणि हत्यार दोन्ही एकाच जगातले असतात. सुताराचा हात हत्याराला लागू शकतो. टिळकांच्या मांडणीत तो हात दाखविलेला नाही. आत्म्याला पुराव्याच्या कक्षेबाहेर नेल्याने विज्ञानाच्या हल्ल्यापासून तो वाचला हे खरे; पण ज्याच्यावर हल्ला करता येत नाही त्याच्या मदतीवरही विसंबता येत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील पाचव्या श्लोकाला ह्या प्रकरणात महत्त्वाचे स्थान आहे. त्या श्लोकात ‘आत्मन्’ हा शब्द निरनिराळ्या विभक्त्यांत पुन:पुन्हा येतो. उद्धार करणारा, ज्याचा उद्धार करावयाचा तो आणि ज्याच्या साहाय्याने करावयाचा ते, सारे एकाच शब्दाने सांगितले आहे. संस्कृतात ‘आत्मन्’ हे तत्त्ववाचक नाम आहे तसेच ते ‘स्वतः’ ह्या अर्थाचे साधे निजवाचक सर्वनामही आहे. मनुष्याने स्वतःच स्वतःला वर काढावे, एवढाच अर्थ घेतला तर श्लोक पूर्ण लागतो आणि प्रकृतीच्या पलीकडे जाण्याची गरज राहत नाही. टिळकांचा युक्तिवाद ह्या दोन अर्थांच्या सांध्यावर उभा आहे: अनुभवाचा आधार सर्वनामापासून घ्यावयाचा आणि स्वातंत्र्याचा दाखला नामापासून. हा सांधा उकलला की प्रकरणाचा तत्त्वमीमांसेचा भाग दुबळा होतो. उरतो तो भाग मात्र अधिक मोलाचा आहे. एकदम काही साधत नाही, अभ्यासाने मन हळूहळू वळते, थोडा प्रयत्नही वाया जात नाही, हे त्यातील प्रतिपादन आत्म्याच्या स्वरूपाविषयी काहीही न मानता उभे राहू शकते. आणि लिबेटने जाणिवेला दिलेल्या रोखण्याच्या अधिकारापेक्षा ते अधिक व्यापक आहे, कारण पुढची ऊर्मी कशी असावी ह्यावरही त्याचा रोख आहे.

ह्या चर्चेत काही प्रत्यक्ष पणाला लागले आहे काय, अशी शंका येणाऱ्याने महाराष्ट्रातीलच एक प्रसंग पाहावा. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात दोषसिद्धी करताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्-आलेखाच्या एका चाचणीचाही आधार घेतला होता. ह्या चाचणीत व्यक्ती गप्प बसलेली असते. तिच्या डोक्याला विद्युदग्रे लावलेली असतात आणि तिला विधाने ऐकविली जातात. ती प्रथमपुरुषी असतात, म्हणजे ‘मी अमुक केले’ अशी. ज्याने केले त्याचा मेंदू अनुभवाची खूण देईल, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता. बोलणारा एक, ‘मी’ दुसऱ्याचा, आणि उत्तर देणारा त्या दुसऱ्याचा अवयव! कर्तेपण अवयवाकडे सरकविणारी वाक्यरचना येथे न्यायालयाच्या दप्तरात शिरली. भ्रमवाद्यांचे म्हणणे शब्दश: घेतले तर दोष मेंदूचा ठरून मनुष्य सुटावयास हवा होता, ह्या चाचणीत मेंदू साक्षीदार झाला आणि शिक्षा मनुष्याला झाली.

५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या, तसेच नार्को व पॉलिग्राफ, व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाहीत असा निर्णय दिला. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मधील संरक्षण त्यांना लागू केले. चाचणीत मनुष्य एक शब्द बोलत नाही, तरी तिचा निष्कर्ष ही त्याने दिलेली साक्षच होय, असे न्यायालयाने मानले. स्वेच्छेने चाचणी देणाऱ्याची वाट मोकळी ठेवली, पण तिच्यासाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. त्यांनुसार संमती पोलिसांसमोर देऊन भागत नाही. ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, आणि तत्पूर्वी त्या व्यक्तीला वकिलाचे साहाय्य मिळण्याची सोय असावी लागते. त्या नोंदीत ‘त्याला चाचणी द्यावीशी वाटली’ असे लिहून चालत नाही. ‘त्याने संमती दिली’ असेच लिहावे लागते.